खावटी, लग्नगडी आणि मुक्तीचा दाखला

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले ठाणे जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुके. एका बाजूला कसारा घाट, दुसऱ्या बाजूला माळशेज, आणि मधल्या पट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी यांची गावे आणि वाड्यापाडे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागात आणि त्याला लागून असलेल्या जंगलपट्टीत सुधारणेची जी चळवळ झाली, तिच्या केंद्रस्थानी वेठ होती. कर्जापोटी माणसाला बांधून घ्यायचे आणि त्याच्याकडून मोबदल्याविना काम करून घ्यायचे, असा तो व्यवहार. महाराष्ट्रातील समाजसुधारणेच्या इतिहासात पुणे, मुंबई, कोल्हापूर यांना जेवढी पाने मिळाली तेवढी या मुलखाला मिळाली नाहीत. वास्तविक माणूस दुसऱ्या माणसाच्या मालकीचा असू शकतो का, हा सुधारणेचा सर्वात जुना प्रश्न येथे स्वातंत्र्यानंतरही जिवंत होता.

वेठीचे मूळ जमिनीत आणि जंगलात आहे. इंग्रजी अमलात रयतवारी पद्धतीने मोजणी झाली आणि सारा रोख पैशात ठरला. डोंगरातल्या शेतकऱ्याकडे भात असे, नाचणी-वरी असे, पण पैसा नसे. सारा भरण्यासाठी तो सावकाराकडे जाऊ लागला. १८७८ च्या जंगल कायद्याने आजूबाजूचे रान सरकारी राखीव झाले आणि अडीनडीला ज्या रानाने आधार दिला असता, तेच हातातून गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळी वर्षांनी उरलेली कसर भरून काढली. गहाणखतावर अंगठा उमटला की दोनचार वर्षांत जमीन सावकाराच्या नावावर चढे आणि कालचा खातेदार त्याच जमिनीवर कूळ म्हणून राबू लागे.

जंगलाच्या प्रश्नावर या जिल्ह्यात सुरुवातीलाच आवाज उठला होता. ठाण्यात जंगल असोसिएशन स्थापन झाली, अर्जविनंत्या झाल्या, आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी जंगल आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये आला. वादाचा एक मोठा मुद्दा होता राब. भाताचे रोप तयार करण्यासाठी शेतकरी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटतो, त्या वाळल्या की रोपाच्या वाफ्यावर शेण, पाला, गवत, माती यांच्याबरोबर थरांनी रचतो आणि पावसाआधी पेटवून देतो. भाजलेल्या जमिनीत तण कमी उगवते, राखेचे खत मिळते, आणि रोप जोमाने येते. जंगल खात्याला ही झाडांची नासाडी वाटे. शेतकऱ्याला मात्र राबाशिवाय भात म्हणजे निम्मे भात हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. राबासाठी टाहाळ, म्हणजे पाल्यासह फांद्या, तोडण्याची मुभा काही प्रमाणात मिळाली. पण असोसिएशनचे काम मुख्यतः जमीनदार, वकील आणि खातेदार यांच्या हिताचे राहिले. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याचे गाऱ्हाणे तिच्या अर्जांत फारसे उमटले नाही.

त्याचे गाऱ्हाणे खावटीपासून सुरू होत असे. ज्येष्ठ-आषाढात घरातले धान्य संपते, शेतातले काम मात्र तेव्हाच सर्वात जास्त असते. त्या दिवसांत खाण्यासाठी सावकाराकडून उचललेले धान्य म्हणजे खावटी. ती साधारणपणे दिढीने फेडायची, म्हणजे एक मण भात नेले तर चारपाच महिन्यांनी खळ्यावर दीड मण द्यायचे. काही ठिकाणी दुप्पटही. शिवाय बियाण्याचे वेगळे, बैलाच्या भाड्याचे वेगळे, आणि जमिनीचा खंड तर आधीच ठरलेला. मळणी झाली की मालकाचा माणूस माप घेऊन खळ्यावर येई. त्याचे माप झाल्यावर कुळाच्या वाट्याला पेंढा, फोलकट आणि थोडे भात उरे. ते पौष-माघापर्यंत पुरले तरी पुष्कळ. पुढच्या आषाढात पुन्हा तेच दार. हिशेबाची वही मालकाकडे आणि वाचता न येणारा माणूस समोर बसलेला, असा हा व्यवहार असल्यामुळे किती फिटले आणि किती राहिले हे मालक सांगेल तेच खरे.

लग्नगडी ही याहून कठोर गोष्ट. आदिवासींत मुलीच्या बापाला देज देण्याची रीत होती. देज, लुगडी, ताडी-दारू, जेवण असा खर्च तरुणाला झेपत नसे. तो मालकाकडून रक्कम उचलून लग्न करी आणि त्या दिवसापासून मालकाचा गडी होई. लग्नानंतर त्याची बायकोही मालकाच्या घरी राबे: गोठा, शेणगोठा, भात कांडणे, पाणी. कामाची मजुरी कर्जात वळती होते असे सांगितले जाई, पण पोटाला दिलेले धान्य, अंगावरचे कापड, आजारपणातला खाडा हे सगळे पुन्हा कर्जात जमा होई. त्यामुळे पन्नास-शंभर रुपयांसाठी वीस-वीस वर्षे राबूनही गडी सुटत नसे. बाप मेला तर मुलगा उभा राही. पळून गेला तर शोधून आणून मारहाण. बायकोवर मालकाची आणि त्याच्या कारभाऱ्यांची नजर असे, आणि तिच्या अब्रूविषयी तक्रार कोणापुढे करायची हा प्रश्नच होता. गावचा पोलीस पाटील बहुधा त्याच गोतावळ्यातला असे.

जो लग्नगडी नाही, नुसता कूळ आहे, त्यालाही वेठ चुकत नसे. मालकाला गरज पडेल तेव्हा जायचे. आवणीच्या दिवसांत याचा अर्थ काय होतो हे भातशेती जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. रोप साधारण तीनचार आठवड्यांचे झाले की उपटून लावायला हवे. वाफ्यातच जून झाले की फुटवा कमी होतो आणि पीक बसते. पाऊस दोघांच्याही शेतावर एकाच वेळी पडतो. मालकाची आवणी आधी पुरी करायची आणि मग आपली, असा दंडक असला की कुळाचे रोप दरवर्षी वाफ्यात जून होणार आणि त्याचे भात दरवर्षी कमी येणार. म्हणजे वेठीने त्याची मजुरी तर बुडेच, वर त्याचे पीकही घटे आणि तेवढी खावटी वाढे. वेठ आणि कर्ज एकमेकांना पोसत होते ते असे.

कायदा अशा वेळी कोणाच्या बाजूने होता? १८५९ चा मजुरांच्या करारभंगाचा कायदा आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला गुन्हेगार ठरवत असे. मॅजिस्ट्रेट त्याला रक्कम परत करायला किंवा कामावर जायला सांगे; न ऐकल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होती. करार मोडणाऱ्या मालकाला तुरुंग नव्हता. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडावे लागले.

नेमकी हीच लढाई त्या काळात अमेरिकेत चालू होती. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली होती आणि १८६७ मध्ये कर्जापोटी माणूस बांधून ठेवण्यावर बंदी आली होती. तरी दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांवर कृष्णवर्णीय कुळे दुकानदार-जमीनदाराच्या वहीत अडकलेलीच होती. अलाबामा राज्याने तर आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणे हा फसवणुकीचा गुन्हा ठरवला होता. लोन्झो बेली नावाच्या कृष्णवर्णीय मजुराने १५ डॉलर उचल घेऊन महिन्याला १२ डॉलरवर वर्षभराचा करार केला आणि महिनाभराने काम सोडले. त्याला शिक्षा झाली. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी पडद्याआडून मदत केली, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९११ मध्ये न्यायालयाने अलाबामाचा कायदा घटनाबाह्य ठरवला. अलाबामाचा मळा आणि शहापूरचे भातखाचर यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी असली तरी उचल, करार आणि तुरुंग ही साखळी दोन्हीकडे सारखीच होती.

अमेरिकेतील हा काळ, साधारण १८९० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा, सुधारणावादी युग म्हणून ओळखला जातो. कारखानदारीने संपत्ती वाढवली होती, पण शहरांत बकाली, बालमजुरी आणि मक्तेदारीही वाढवली होती. तिच्याविरुद्ध पत्रकार, शिक्षक, वकील, स्त्रीसंघटना, पाद्री असे मध्यमवर्गीय लोक पुढे आले. त्यांची रीत अशी की आधी जागेवर जाऊन पाहायचे, मग ते लोकांपुढे मांडायचे आणि मग कायदा मागायचा. जेन ॲडम्स यांनी शिकागोच्या गरीब वस्तीत १८८९ मध्ये ‘हल हाउस’ उघडले. आयडा टार्बेल यांनी स्टँडर्ड ऑइल कंपनीचे व्यवहार उघडकीला आणले. १९११ मध्ये न्यायालयाने ती कंपनी मोडली. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने मांस कारखान्यांची घाण चव्हाट्यावर आली आणि १९०६ मध्ये अन्नशुद्धतेचे कायदे झाले. लुईस हाइन यांनी गिरण्यांत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढली. दारूबंदीची आणि स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती अनुक्रमे १९१९ आणि १९२० मध्ये मंजूर झाली. एवढे सगळे होऊनही दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना या युगाने फार थोडे दिले. उलट याच वर्षांत त्यांचा मतदानाचा हक्क अनेक राज्यांनी काढून घेतला. बालमजुरीविरुद्ध १९१६ मध्ये केलेला केंद्रीय कायदा न्यायालयाने १९१८ मध्ये रद्दही केला.

याच वातावरणात १९१३ ते १९१६ या काळात एक मराठी विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. भीमराव रामजी आंबेडकर. अर्थतज्ज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे त्यांचे शिक्षक, आणि दोघेही त्या सुधारणावादी विचाराचे अध्वर्यू. पुढे आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चाच्या पुढाऱ्यांत पक्षाचे आमदार शामराव परुळेकर होते. ठाण्याच्या जंगलपट्टीशी हे नाव पुढे कायमचे जोडले गेले.

अमेरिकेतील शोधपत्रकारांनी जे केले, ते ठाणे जिल्ह्यात एका सरकारी अधिकाऱ्याने केले. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने आदिवासी मुलूख ‘अंशतः वगळलेले’ म्हणून वेगळे काढले होते. गव्हर्नरने लागू केल्याशिवाय विधिमंडळाचा कायदा तिथे चालत नसे. ठाणे जिल्ह्यातून डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे, म्हणजे तालुक्याहून लहान विभाग, या यादीत आले. मुरबाड आला नाही. सिद्धगड, गोरखगड, माळशेजच्या पायथ्याचे ठाकूर-कातकरी शहापूरच्या ठाकूर-कातकऱ्यांहून कोणत्याही अर्थाने सुखी नव्हते, पण तालुक्याची हद्द हीच दुःखाची हद्द मानली गेली. मुरबाडच्या काही गावांचा समावेश अनुसूचित क्षेत्रात झालेला दिसतो तो १९८५ च्या आदेशात. कागदावरच्या एका रेषेने पन्नास वर्षांचे अंतर पाडले.

१९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळाने या वगळलेल्या भागांच्या चौकशीचे काम डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्यावर सोपवले. त्यांचा अहवाल १९३९ मध्ये छापून निघाला. सिमिंग्टन गावोगाव फिरले आणि जे पाहिले ते आडपडदा न ठेवता लिहिले: मालकाला हवे तितके दिवस कुळाला वेठीला धरले जाते, नकार दिला तर मार बसतो, लग्नाच्या कर्जापोटी माणसे जन्मभर बांधली जातात, जंगलाच्या ठेकेदारांकडून मजुरांची लूट होते. सावकारी, कुळांचे हक्क आणि कुपातल्या, म्हणजे तोडणीसाठी ठरवलेल्या जंगलपट्ट्यातल्या, मजुरांची मजुरी यांविषयी त्यांनी उपाय सुचवले. इंग्रजांच्या नोकरीतल्या माणसाने सरकारी छापखान्यातून हे सगळे मान्य केल्यावर ‘असे काही नसतेच’ हे म्हणण्याची सोय उरली नाही. या अहवालाचे मोल तेच. पण अहवाल निघाला त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले, खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि १९३९ चा कूळकायदा व शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा अर्धेमुर्धे लागू होऊन पडून राहिले. सत्तेबाहेर पडलेल्या खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ काढले. आश्रमशाळा, वसतिगृहे, दवाखाने ही त्या मंडळाची वाट होती. मालकाशी थेट भांडण ही नव्हे.

थेट भांडणाची सुरुवात वेगवेगळ्या दिशांनी झाली. एक दिशा माथेरानकडून आली. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोकांचे भाई कोतवाल, हे १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले आणि वकील झाले. कर्जत आणि मुरबाडच्या सीमेवरचे शेतकरी खावटीत कसे बुडतात हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या: सुगीला सभासदांनी भात जमा करायचे आणि आषाढात तिथूनच माफक वाढीने उचलायचे. गावांत त्यांनी स्वयंसेवकांच्या बळावर शाळाही चालवल्या. सावकाराच्या कोठाराला पर्यायी कोठार उभे करणे ही साधी वाटणारी गोष्ट या मुलखात क्रांतिकारक होती, कारण वेठीची सुरुवात उपाशी पोटाने होत असे. १९४२ च्या आंदोलनात कोतवालांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. दस्त्याने पुढे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात आश्रय घेतला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी तिथे गोळीबार केला. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. सिद्धगडावर दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात आणि मानवंदना देतात. मनोऱ्यांची आठवण त्या दिवशी निघते. धान्यकोठ्यांची आठवणही तितक्याच मानाने निघायला हवी.

दुसरी दिशा किसान सभेची, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेची. शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य १९३९ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले. गोदावरीबाई पुण्यात जन्मलेल्या, कायद्याच्या पदवीधर, आणि भारत सेवक समाजात काम केलेल्या. युद्धविरोधी प्रचारासाठी दोघांनी तुरुंगवास भोगला. सुटल्यानंतर त्यांनी ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांमध्ये पायी फिरून संघटना बांधायला घेतली. ७ जानेवारी १९४५ रोजी महाराष्ट्र किसान सभेचे पहिले अधिवेशन टिटवाळ्याला भरले. टिटवाळा हे कल्याणहून शहापूर-कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. डोंगरपट्टीतल्या शेतकऱ्याला चालत किंवा गाडीने पोहोचता येईल असे. अधिवेशनाला उंबरगावकडचे काही वारलीही आले होते. त्यांच्यातले माह्या धांगडा यांनी हजारोंच्या सभेपुढे उभे राहून वेठीची हकीकत सांगितली.

त्यानंतरचा मोठा लढा डहाणू-उंबरगावकडे झाला. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असा निर्णय झाला. त्या पावसाळ्यात गावोगावचे लग्नगडी मालकांच्या वाड्यांतून बाहेर पडले. कोणतेही कोर्ट बसले नाही, कोणताही हुकूम निघाला नाही. माणसे उठून चालू लागली. गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. परुळेकर दांपत्याला जिल्हाबंदी झाली, तरी लढा चालूच राहिला. गोदावरीबाईंनी या साऱ्याची कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ते १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्या कायद्यांमागे सिमिंग्टन यांच्या अहवालाचा पुरावा होता हे खरे, पण त्यांची घाई सरकारला वाटली ती तलवाड्यानंतर, असेच घटनाक्रम पाहता म्हणावे लागते.

१९४६ मध्ये खेर पुन्हा सत्तेवर आले. सिमिंग्टन यांनी दाखवलेली ठेकेदारांची लूट थांबवण्यासाठी १९४७ च्या सुमारास जंगल कामगार सहकारी सोसायट्या निघू लागल्या. कूप ठेकेदाराला न देता तोडणाऱ्या मजुरांच्याच सोसायटीला द्यायचा, ही कल्पना. ठाणे जिल्हा या प्रयोगात आघाडीवर होता. १९४८ च्या कूळकायद्याने खंडाची कमाल मर्यादा ठरली, खंडावर लादलेल्या जादा बाबी बंद झाल्या, आणि दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून त्या दिवशी जमीन कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला.

शहापूर-मुरबाडच्या कुणब्यांच्या जीवनात या तारखेने मोठा बदल घडवला. अनेक घरे कुळाची खातेदार झाली, आणि ती पुढे शाळा, सोसायटी, पंचायत यांत स्थिरावली. ठाकूर आणि कातकऱ्यांच्या वाट्याला हे फारच कमी आले. कूळ असल्याचा पुरावा म्हणजे पीकपाहणीतले नाव. ते तलाठ्याने लावायचे, आणि तलाठ्याच्या कानाशी मालक. ज्याच्याकडे वर्षावर्षाच्या बोलीवर जमीन होती, ज्याला दरवर्षी दुसऱ्या तुकड्यावर हलवले जाई, त्याचे नाव कुठेच लागलेले नव्हते. कातकऱ्याच्या तर पायाखालची घराची जागाही बहुधा दुसऱ्याच्या मालकीची. कूळकायदा हा कुळासाठी होता. जो कुळापेक्षाही खाली होता त्याच्यापर्यंत तो उतरला नाही.

राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीवर बंदी आणली होती. आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनातही सक्तीची मजुरी हा गुन्हा ठरवण्याची तरतूद सुचवलेली होती. पण शिक्षेसह कायदा होण्यासाठी १९७५ चा ऑक्टोबर उजाडला. आधी वटहुकूम आणि मग १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा. त्याच सुमारास महाराष्ट्रात आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आणि १९७५ चा कर्जमुक्तीचा कायदा आला. खावटीचे कामही सरकारने हाती घेतले: आदिवासी विकास महामंडळामार्फत पावसाळ्यासाठी खावटी कर्ज मिळू लागले. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, त्याच योजनेचे अनुदान झाले आणि कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपाने, जाहीर झाले.

१९७६ च्या कायद्याच्या अंमलबजावणीत एक कागद महत्त्वाचा आहे: मुक्तीचा दाखला. जिल्हाधिकारी किंवा प्रांत-तहसीलदार चौकशी करतात, माणूस वेठबिगार असल्याचे ठरवतात, आणि तो कर्जातून मुक्त झाल्याचे लिहून देतात. कर्ज तर कायद्यानेच संपलेले असते. कायदा इतका स्पष्ट असूनही ठाणे जिल्ह्यात वेठबिगार नाहीतच, असे सरकारी उत्तर सुरुवातीला मिळत असे. ते खोडून काढले संघटनांनी. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली. वसई तालुक्यातल्या दहिसर गावापासून त्यांनी एकेका गड्याचा जबाब नोंदवायला, त्याला तहसील कचेरीत उभे करायला आणि दाखला मिळेपर्यंत तिथून न हलायला सुरुवात केली. पुढे हे काम शहापूर-मुरबाडपर्यंत पसरले. १९९९ चा आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार या दांपत्याला मिळाला. मुरबाड तालुक्यात श्रमिक मुक्ती संघटनेने १९८० च्या दशकापासून ठाकूर-कातकऱ्यांचे जमीनहक्क, वनहक्क आणि रोजगार यांवर काम उभे केले. इंदवी तुळपुळे यांचे नाव तिथे पाड्यापाड्यावर माहीत आहे. न्यायालयांनीही साथ दिली. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे म्हणजेच सक्तीची मजुरी असा निकाल दिला. १९८३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की सक्तीची मजुरी दिसली की तिच्यामागे उचल आहे असे गृहीत धरावे; मालकाला तसे नसल्यास त्याने सिद्ध करावे. वही मालकाकडे असण्याचा फायदा या एका वाक्याने संपला.

घरगडी म्हणून बांधलेला लग्नगडी आज या दोन तालुक्यांत सहसा दिसत नाही. उचल मात्र आहे, आणि ती वीटभट्टी आणि कोळसाभट्टीवर आहे. पावसाळ्यात, घरात दाणे नसताना, भट्टीमालकाचा मुकादम पाड्यावर येतो आणि जोडप्याच्या हातात रक्कम ठेवतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंब मुलाबाळांसह शहापूर, भिवंडी, कल्याण किंवा आणखी दूरच्या भट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते, हजार विटांचा दर ठरलेला असतो, आणि मे अखेर हिशेब होतो. अंगावर बाकी राहिली तर पुढच्या हंगामाला त्याच भट्टीवर यायचे. मुलांच्या शिक्षणाचा त्यात बळी जातो. त्यावर विधायक संसदेने १९९० च्या दशकात भोंगा शाळा काढल्या. भट्टीवर विटा रचून, वर गवत टाकून मजूर जी झोपडी उभारतात तिला भोंगा म्हणतात. तशाच भोंग्यात भट्टीजवळ शाळा भरवायची.

२०२२ मध्ये कसारा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरी तालुक्यात कातकरी मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली गेल्याचे उघड झाले. त्यातली एक दहा वर्षांची मुलगी मरण पावली. श्रमजीवी संघटनेने हे प्रकरण पुढे आणले, आणि ठाणे, पालघर, नाशिक, अहमदनगर या पट्ट्यात गुन्हे दाखल होऊन मुलांची सुटका झाली. मुक्त झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्राची २०१६ ची योजना आहे. तिच्यात प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्री आणि मुलांना दोन लाख, आणि अत्यंत गंभीर शोषणाच्या प्रकरणांत तीन लाख रुपये मदत ठरलेली आहे. तातडीची मदत सुरुवातीला वीस हजारांपर्यंत होती, ती पुढे तीस हजारांपर्यंत वाढवली गेली, आणि ती सुटकेनंतर लगेच देता येते. उरलेली रक्कम मात्र मालकावरचा गुन्हा सिद्ध होण्याशी जोडलेली आहे. त्यामुळे शहापूर किंवा मुरबाडच्या तहसील कचेरीत मुक्तीचा दाखला घेतलेल्या कुटुंबाची मोठी मदत खटल्याच्या निकालापर्यंत थांबते, आणि तोवर पुढचा आषाढ येतो.